तांबं आलं कुठून?

वाहेद मिस्त्रीच्या दुकानात कुणी तांब्याची तार घेऊन आला, तर वाहेद आधी तारेकडे पाहत नसे. आणणाऱ्याच्या पायांकडे पाहत असे. चपलेला माती कुठल्या शिवाराची, काळी की भुरी, ओली की सुकी, हे न्याहाळायचा, मग सावकाश मान वर करायचा आणि विचारायचा, "तांबं आलं कुठून?"

सरपंच असो की सख्खा मेहुणा, हा प्रश्न कुणाला चुकला नाही. उत्तर मिळालं की तो "बरं" म्हणायचा. पण त्या 'बरं'मध्ये असा गारवा असायचा, की खरं बोलणाऱ्यालाही आपण खोटं तर बोललो नाही ना, असं वाटावं.

मूर्तिजापूरहून अकोल्याकडे निघालं की बोरटेकचा फाटा लागतो. फाट्यावर कडुनिंब, निंबाखाली चहाचं हॉटेल आणि हॉटेलाच्या पाठीला पाठ लावून उभं असलेलं वाहेदचं पत्र्याचं दुकान. शेतातली पाण्याची मोटर जळाली की ती बैलबंडीतून नाहीतर मोटरसायकलच्या मागे बांधून इथे यायची. वाहेद तिचं पोट उघडायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा, नवी तार वेढ्यावर वेढा घालून भरायचा, वर वॉर्निश पाजायचा आणि बाळंतिणीच्या लुगड्यासारखी ती मोटर उन्हात वाळत ठेवायचा. त्याचा एक नियम होता. जळकी तार मालकाच्या डोळ्यांदेखत काढायची आणि मालकाच्याच हातात परत द्यायची. बाकीचे मिस्त्री ती ठेवून घेत. वाहेद म्हणे, "ज्याचं तांबं त्याच्या घरी. माह्याकडे राह्यलं तं उद्या कोणी इचारीन, कुठून आलं."

हॉटेलात त्याच्या या स्वभावावर हसणं चाले. "वाहेदभाईच्या घरी भाजीत मीठ जास्त झालं ना, तरी तो इचारते, हे मीठ आलं कुठून?" आणि त्याची बायको जहाँआरा बायकांत बसली की पदर तोंडाला लावून सांगे, "निकाह झाला, घुंगट वर केला, आन् या मानसाचा पयला सवाल काय? नाकातली चमकी कुठून आली! म्या म्हटलं, नानीची हाये. तं म्हणते, नानीकडे कुठून आली?"

हा संशय त्याने बोरटेकात कमावला नव्हता. तो त्याने तांब्याच्याच गावाहून आणला होता.

मिसरूड फुटायच्या वयात वाहेद एका ठेकेदाराबरोबर बालाघाटकडे, मलाजखंडला गेला. तिथे तांब्याची खाण नवी नवी उघडली होती. डोंगर फोडणाऱ्या यंत्रांना मोटारी लागत, मोटारी जळत, आणि वाहेद त्या भरत असे. दिवसभर तांब्यात हात. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना प्रत्येकाची झडती. त्याचं कुणाला काही वाटत नसे. पोट भरायला आलेला माणूस हात वर करून उभा राहायला लवकर शिकतो. पण एकदा वाहेदच्या जेवणाच्या डब्याची कडी तुटली. मोटर भरणाऱ्या माणसाला काहीही तुटलं की हाताशी असलेल्या तारेने बांधायची सवय. त्याने वीतभर तार डब्याला गुंडाळली आणि विसरून गेला. फाटकावरच्या शिपायाने डबा पाहिला, तारेला बोट लावलं आणि विचारलं, "ये कहाँ से आया?"

उत्तर साधं होतं, पण ते वाहेदच्या तोंडापर्यंत आलंच नाही. मोठा साहेब येईपर्यंत शिपायाने त्याला फाटकाजवळच्या बाकावर बसवलं. सगळी पाळी त्याच्यासमोरून घरी गेली. एकाच ताटात जेवणारे, एका खोलीत झोपणारे. जो तो जाताना एकदा त्याच्याकडे पाही आणि मान वळवी. साहेब आला, हसला, तार सोडवून घेतली, "जा, कडी नवी बसव" म्हणाला. गोष्ट तिथे संपली. वाहेदच्या मनातून मात्र तो बाक उठला नाही. पुढे बरीच वर्षं तो तिथे राहिला, काम शिकला, बाप गेल्यावर बोरटेकला परतला. पेटी आणली, अवजारं आणली, आणि शिपायाचा तो प्रश्नही सोबत घेऊन आला.

ही गोष्ट घडली ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. कापूस उतरला. पाणी त्याच्याही खाली उतरलं. जगात कुठे काय झालं कोण जाणे, तांबं तेवढं चढत गेलं. मग आसपासच्या शिवारांतून बातम्या येऊ लागल्या. याच्या विहिरीवरची केबल कापून नेली, त्याच्या बोअरची नेली. चोर केबल ओढून नाल्यात नेत, पेटवून देत. वरचं रबर जळून गेलं की आतलं तांबं उचलून पसार. मागे फक्त काळा डाग आणि नाकाला झोंबणारा वास उरे.

आणि जळक्या तारेचा वास ज्याच्या दुकानाला बारा महिने येई, असा माणूस बोरटेकात एकच होता.

दिवाळीनंतर गहू टोंगळ्याला, गुडघ्याला लागायच्या आधी बोरटेकातली पहिली केबल गेली. ती भगवंतरावची. स्टार्टरच्या पेटीपासून बोअरच्या तोंडापर्यंतची सगळी. नाल्याच्या काठाला काळा डाग सापडला. भगवंतराव फाट्यावरच्या हॉटेलात आला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाला, "गेली बावा माही केबल. गहू वाळून चाल्ला. बोअरले पाणी हाये, पण पिकाले द्याव कसं?"

भगवंतराव आणि वाहेद लहानपणी एकाच बोरीवर दगड मारत वाढलेले. वाहेदच्या मुलीचं, गजालाचं लग्न झालं, तेव्हा मांडवाच्या तोंडाशी उभा राहून येणाऱ्या पाहुण्यांच्या हातावर अत्तर लावणारा माणूस भगवंतरावच होता. त्यामुळे केबल गेल्याचं ऐकून वाहेद हातातलं काम टाकून हॉटेलात आला. तो आला आणि बोलणं थांबलं. कुणी कपात पाहिलं, कुणी रस्त्याकडे.

"चोराले तांब्याची पारख पायजे बरं," कुणीतरी हवेत बोललं.

"पारख असते त्याले भूकही असते," दुसऱ्याने जोडलं.

वाहेदने भगवंतरावकडे पाहिलं. भगवंतरावने कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण लोकांनी न घेता घेतलेलं नाव त्याने खोडलंही नाही. तो मांडीवरच्या टोपीची घडी घालत बसला. नीट घातलेली घडी मोडायचा, पुन्हा घालायचा.

त्या आठवड्यात दोन जळक्या मोटारी फाट्यावरून, वाहेदच्या दारावरून, मूर्तिजापूरला भरायला गेल्या. त्याने चाकांचा आवाज ऐकला आणि बाहेर पाहिलं नाही. जहाँआरा भगवंतरावच्या घरी दही मागायला गेली, तर भगवंतरावची बायको दुर्गाबाई दारातच उभी राहून म्हणाली, "इरजण लागलं नाही व बाई." आत ओट्यावर दह्याचं गाडगं दिसत होतं.

जहाँआरा घरी आली आणि रिकामी वाटी वाहेदपुढे ठेवली. "आता इचारा, वाटी रिकामी आली कुठून."

ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या चपला पाहिल्या, त्याच्या चपलांकडे आता सारं गाव पाहत होतं. आणि खरं सांगायचं, तर त्या दिवसांत त्याच्या मनातही एक काळा डाग पडला होता. त्याचा जावई फुरकान अकोल्यात भंगारचा धंदा करायचा. लोखंड, पितळ, तांबं. हुशार पोरगा, गोड बोलणारा. वाहेदला गोड बोलणाऱ्यांचा भरवसा नव्हता. गजालाला दिलं तेव्हाही त्याने फुरकानला एका बाजूला घेऊन विचारलं होतं, "माल आणणाऱ्याले तू इचारते का, कुठून आणला म्हणून?" फुरकान हसून म्हणाला होता, "अब्बा, दिन के सौ आदमी आते. किस किस का गाव पूछूँ?" ते हसणं वाहेदच्या मनात काट्यासारखं राहिलं होतं. लोक आपल्याकडे बोट दाखवतात ते वाकडं असेल, पण ते आपल्याच घराकडे वळत तर नसेल?

एका सकाळी तो पॅसेंजरने अकोल्याला गेला. कुणाला सांगितलं नाही. जहाँआराला म्हणाला, वॉर्निश संपलं.

फुरकानचं दुकान म्हणजे खाली गोदाम, वर दोन खोल्यांचं घर. गजालाने वरून बाप पाहिला आणि "अब्बा!" करत जिना उतरू लागली. वाहेदने हात केला, "चहा ठेव, येतो." आणि तो तांब्याच्या ढिगाजवळ उकिडवा बसला. जळकी तार, लखलखीत तार, फुटके बंब, चेपलेली घंगाळं. तो एकेक उचलून पाही आणि ठेवी.

"अब्बा, कुछ ढूंढ रहे क्या?" फुरकान म्हणाला. आवाज गोडच होता, पण त्याला समजलं होतं. सासरा दुकानात वॉर्निश शोधत नसतो.

कोपऱ्यात तेलाचा एक रिकामा डबा होता. ज्या तांब्याला डाग दिलेला असतो, म्हणजे कथील वितळवून जे जोडलेलं असतं, ते चोख तांब्यात चालत नाही. भंगारवाले ते निवडून वेगळं टाकतात. वाहेदने तो डबा जमिनीवर उपडा केला. खणखणत तुकडे पसरले आणि त्यातला एक त्याच्याकडे असा पाहू लागला, की जणू ओळख दाखवतोय.

बोटभर लांबीचा जॉइंट होता. जाड तारा एकमेकींत पिळलेल्या, त्यांच्यावर मोटरच्या बारीक तारेचा घट्ट वेढा, वेढ्याला वेढा चिकटलेला, आणि शेवटचं टोक उलट आत खोचलेलं, लुगड्याचा ओचा खोचावा तसं. असा जॉइंट पंचक्रोशीत एकच माणूस बांधायचा. भगवंतरावच्या बोअरच्या तोंडाशी केबल तोकडी पडली होती, तेव्हा भर उन्हात मांडी घालून बसून वाहेदनेच तो बांधला होता. रबर जळलं, डाग वितळून पांढुरका चट्टा उरला. पण वेढा सुटला नव्हता.

वाहेदने तो तळहातावर घेतला. "हे आलं कुठून?"

"अब्बा..."

"फुरकान, आज सांगावं लागन."

फुरकानचा चेहरा उतरला. आणि मग रागाने लाल झाला. "मेरे पे शक? मैं चोरी का माल लेता? एक बुढ्ढे लाए थे. खुद. खांदे पे पोतं लेके. धोतर, टोपी, बड़े इज्जतदार आदमी. मैं बोला बैठो, चाय लो. चाय नहीं ली. पानी बोला तो पानी भी नहीं."

"काहून?"

"क्या मालूम! हाथ जोड़ के बोले," आणि फुरकानने त्या माणसाची मराठी जशीच्या तशी काढली, "जावईबापू, लेकीच्या घरचं पाणी पीत नसतेत. मेरे को लगा, मजाक कर रहे. जाते वक्त इतना ही पूछे, हे लवकर वितळते न?"

वाहेद त्या ढिगाजवळ बराच वेळ बसून राहिला. गजालाने वरून हाका मारल्या, चहा निवला. त्याला धोतर दिसत होतं, टोपी दिसत होती, मांडीवर टोपीची घडी घालणारे हात दिसत होते. भगवंतरावला विकायला दुसरं दुकान मिळालं नसतं असं नाही. सारं अकोला पडलं होतं. पण आपलं पाप घेऊन जायचं तर ते परक्याकडे कसं न्यायचं? आपल्या गावच्या जावयाकडे न्यावं, तो तरी वजनात मारणार नाही, बोभाटा करणार नाही. असा हिशेब करून तो निघाला असणार. आणि पाप करायला निघालेला तो माणूस वाहेदच्या लेकीला आपली लेक समजून तिच्या घरी घसा कोरडा ठेवून परत गेला होता.

कारण कळायला वाहेदला परतीची गाडी पुरली. बोअर आटला होता. दुसरं काय? मोटर जळाली म्हटलं असतं, तर वाहेदला बोलवावं लागलं असतं. वाहेदने मोटर वर ओढली असती आणि खालचा कोरडा पाइप त्याला दिसला असता. केबल चोरीला गेली म्हटलं, की कुणी खाली पाहत नाही. सगळे इकडेतिकडे चोर शोधतात. आणि हे आत्ताच का, तेही उघड होतं. भगवंतरावचा बंडू तिशीच्या पुढे गेला होता. कोरडवाहू शेताला त्या दिवसांत कुणी पोरगी देत नव्हतं. मोर्शीकडची एक मुलगी, आकांक्षा, पसंत पडली होती आणि येत्या रविवारी तिचा मामा शेत पाहायला, म्हणजे पाणी पाहायला येणार होता.

वाहेदला सगळं समजलं. आणि समजल्यावर त्याला असा संताप आला, की चोर परका निघाला असता तर आला नसता. 'तुह्या पोराचं लग्न व्हावं म्हणून माह्या तोंडाले काळं?' रविवारपर्यंत तो गप्प राहिला. रविवारी त्याने इस्त्रीचा पायजामा घातला, जॉइंट रुमालात बांधला आणि जहाँआराला म्हणाला, "आज इचारणार नाही. आज सांगणार."

भगवंतरावच्या शेतात बोअरजवळ सगळे उभे होते. मुलीचा मामा केशवराव, पांढऱ्या मिशांचा, संत्र्याचा बागायतदार. बोलण्याआधी डोळे बारीक करणारा. भगवंतराव, हात मागे बांधून. बंडू, शर्टाच्या कॉलरात मान आखडून. दुर्गाबाई बांधावर चहाची किटली घेऊन. गहू गुडघाभरही नव्हता, पिवळा पडून उभा होता.

"केबल गेली म्हणता," केशवराव म्हणत होता. "किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"मंग नवी काहून नाही आणली? पाणी हाये, उभं पीक वाळून राहिलं, आन् मानूस केबल आणत नाही? आमच्याकडे तं उसनीपासनी करून टाकला असता पाण्याचा एक पाळा."

"आणतो न. सवड भेटली नाही."

"सवड," केशवराव म्हणाला आणि डोळे आणखी बारीक केले. तेवढ्यात वाहेद शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून खाली उतरला. "हे कोण?"

"मिस्त्री हाये गावचे," बंडू म्हणाला.

वाहेद सरळ त्यांच्या मधोमध आला. कुणाला रामराम नाही, काही नाही. त्याने रुमाल सोडला आणि तळहात पुढे केला. उन्हात तांबं चमकलं. बांधावर दुर्गाबाईने किटली खाली ठेवली. तिला तो जॉइंट ओळखू आला नसेल, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून तिने सगळं ओळखलं.

केशवरावने वाकून पाहिलं. "हे काय? तांबं? कुठून आलं हे तांबं?"

किती वर्षं वाहेद हा प्रश्न दुसऱ्यांना विचारत आला होता. आज उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं, दोन शब्दांचं. त्याने भगवंतरावकडे पाहिलं. तो नुसता उभा होता, आणि बंडू बापाकडे पाहत होता, आणि पाहुणा पाहत होता. वाहेदला एकदम फाटक दिसलं. बाक दिसला. त्यावर आता भगवंतराव बसला होता आणि सगळी पाळी त्याच्यासमोरून घरी चालली होती.

"कुठून आलं?" वाहेद म्हणाला. "लय दुरून आलं, पाहुणे. बालाघाटकडे एक पहाड हाये. म्हणजे होता. आता तिथी पहाडाएवढा खड्डा हाये, पायऱ्या-पायऱ्याचा. आपलं बोरटेक ठेवलं तं एका पायरीवर मावून जाईन."

"म्या तांब्याचं इचारलं, पहाडाचं नाही."

"तेच सांगून राहिलो. दगडातच असते ते. हिरवट डाग, कुठी मोराच्या मानेसारखा निळा. शंभर किलो दगड फोडा, तवा किलोभर तांबं. सुरुंग लावतेत, दगड दळतेत. चक्कीले जात्यावानी दगड नाही. हे मोठं पिंप फिरते न आत लोखंडाचे गोळे धडधड आपटतेत. दगडाचं पीठ होते. ते पाण्यात घालतेत, जरासं तेल टाकतेत, खालून हवा सोडतेत. दूध उतू जावं तसा फेस येते. तांब्याचा कण फेसाले चिकटून वर, माती खाली."

"लोण्यासारखं," बांधावरून दुर्गाबाईच्या तोंडून निघून गेलं. तिने लगेच तोंडावर पदर धरला.

"लोण्यासारखंच, वहिनी. पण काळं लोणी. ते वाळवून रेल्वेनं जाते राजस्थानात, खेतडीले. म्या एकडाव मोटर घेऊन गेलतो. तिथी भट्टी. भट्टीत वितळलं का मळ सायीसारखा वर तरंगते, तो काढून फेकतेत. उरलं त्याच्या पोटात हवा फुकतेत. आतलं गंधक जळते. असा वास का डोये चुरचुरतेत. मंग तांबं भेटते, पण अंगभर फोड आलेलं, देवी निंघालेल्या मानसासारखं."

"मंग झालं तं," केशवराव म्हणाला. तो ऐकत होता आणि ऐकतोय याचा त्याला राग येत होता.

"अजून कुठी? त्याच्या जाड लाद्या करतेत न तेजाबाच्या हौदात टांगतेत. समोर एक पातळ पत्रा. करंट सोडला का लादीतलं तांबं पाण्यातून चालत जाते न पत्र्यावर बसते. जातानी कोणाले दिसत नाही. लादी झिजत जाते, पत्रा जाड होत जाते. जे काई खोटं असन ते बुडाशी गाळ होऊन बसते. त्या गाळातही सोनं-चांदी निंघते म्हणतेत. मंग त्या चोख तांब्याची तार ओढतेत. तार गावोगाव जाते. कोणाच्या मोटरीत, कोणाच्या केबलीत..."

इथे येऊन वाहेद थांबला. पहाडापासून इथवरची सगळी वाट संपली होती आणि पुढचं ठाणं भगवंतरावचा बोअर होता. तो पुढे जाईना. त्याने मूठ मिटली.

"मंग?" केशवराव म्हणाला. "मंग तुमच्या हातात कसं आलं, मिस्त्री? तांबं चोरीले गेलं यांचं, न तुकडा निंघाला तुमच्या रुमालात!"

वाहेदने मान खाली घातली.

"बस कर, वाहेद," भगवंतराव म्हणाला. आवाज एवढा बारीक होता, की आधी कुणाला कळलं नाही कोण बोललं. "पाहुणे, ते तांबं माहं हाये. केबल म्याच कापली. म्याच जाळली, न म्याच नेऊन विकली. बोअर आटला दिवाळी झाल्याबरोबर. हा मानूस चोर नाही. गाव याले चोर म्हणत होतं न म्या ऐकून घेत होतो."

केशवराव बोअरजवळ गेला, लोखंडी पाइपवरचं झाकण सरकवलं, एक खडा आत सोडला आणि कान लावून उभा राहिला. खडा पाइपाला आपटत, आपटत खाली गेला. तळाशी ठण् वाजलं. पाण्याचा आवाज आला नाही.

"आमचाही असाच वाजते," केशवराव झाकण लावत म्हणाला. "म्हणून तं पाण्याचं घर पाहून राहिलो होतो पोरीसाठी." त्याने चपला झटकल्या. चहा घेतला नाही. सोयरीक मोडली.

बंडू बरेच दिवस बापाशी बोलला नाही. पुढे दोन पावसाळ्यांनी त्याचं जुळलं, दर्यापूरकडे. तेव्हा बोअर कोरडा आहे हे भगवंतरावने पाहुण्यांना चहाच्या आधी सांगितलं.

त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मात्र भगवंतराव सकाळीच फाट्यावर आला आणि वाहेदच्या दुकानासमोरच्या बाकावर बसला. येणारा-जाणारा विचारी, "काहून बसले, भाऊ?" तो सांगे, "केबल म्याच कापली होती म्हणून." ज्याने विचारलं नाही, त्यालाही हाक मारून सांगे. ऊन बाकावर आलं, सरकलं, गेलं. तो उठला नाही. दुपारी वाहेदने आतून पाण्याचा तांब्या बाहेर आणून त्याच्याजवळ ठेवला आणि परत कामाला बसला. भगवंतरावने तांब्या दोन्ही हातांनी उचलला आणि तळापर्यंत प्याला.

गाव ते गाव. दोघं मिळूनच करत असतील, आता सावरून घेतात, असं म्हणणारे हॉटेलात तेव्हाही होते. पण जळक्या मोटारी पुन्हा फाट्यावर थांबू लागल्या, आणि दुर्गाबाईच्या घरचं इरजण पुन्हा लागू लागलं.

वाहेदचा स्वभाव बदलला म्हणावं, तर तसं नाही. तो अजूनही आधी चपलांकडे पाहतो, अजूनही विचारतो. परवाच त्याला फुरकानचा फोन आला. "अब्बा, वो तुम्हारे दोस्त अकोला आए थे. पुरानी मोटर का पंखा ढूंढ रहे थे. दोपहर भर बैठे, गजाला के हाथ पे पोरांसाठी बोरं ठेवली. मगर पानी आज भी नहीं पिया. बुरा लगता ना अपने को."

"बुरा मत मान," वाहेद म्हणाला. "बाप हाये तो तिचा. पाजू नको."

मग जरा थांबून, सवयीने, त्याने विचारलं, "बोरं कुठून आणली म्हणे?"